उशाशी उभी राहणारी भाची

अख्ख्या इंदापूर तालुक्यात माणूस भेटला की चेहऱ्याआधी त्याची मान बघणारी व्यक्ती एकच, आणि ती माझी भाची आहे हे मी हल्ली अभिमानाने सांगतो, पूर्वी लपवायचो. बाकीची भाचरं मामाच्या पाया पडतात. हीसुद्धा वाकते, पण उठता उठता माझा हात उलटा करून मनगटावरची शीर दाबून बघते आणि "मामा, शीर झकास," एवढंच म्हणते. माझ्यातलं दुसरं काहीही तिला कधी झकास वाटलेलं नाही. मान आखूड, जिवणी लहान, घोरणं रस्त्यापर्यंत. भूल द्यायच्या दृष्टीने मी म्हणे फार अवघड माणूस. बायको हे लग्नापासून सांगते आहे, पण तिला कुणी डॉक्टर म्हटलं नाही.

भूल देण्याचं हे वेड तिला मुंबईला डॉक्टरकी शिकताना लागलं आणि अंथुर्ण्याच्या त्यांच्या घरी पाहुण्याने जाणं जोखमीचं झालं. पाणी पुढे करायच्या आधी ती विचारणार, शेवटचं कधी खाल्लं? चहा झाला की, आ करा, जीभ बाहेर काढा. कुणी ओसरीवर लवंडलाच, तर त्याच्या उशाशी बसून घड्याळ लावून त्याचे श्वास मोजणार. बाजूला बसायचं तिला ठाऊकच नाही, कायम उशाशी. सांगवीची मंडळी तिला बघायला आली, तेव्हा मुलाच्या चुलत्यांना तिने दात हलतो का विचारलं. चुलते सरळ मनाचे. त्यांनी कवळी काढून दाखवली. ते स्थळ कवळीबरोबरच गेलं.

खरा भडका उडाला तो इंटर्नशिपमध्ये. शिकाऊ डॉक्टरला पंधरा दिवस आवडीच्या विषयासाठी बाहेरच्या हॉस्पिटलात जाता येतं. दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिच्या तात्यांनी, पुण्याच्या एका मोठ्या प्रसूतिगृहात शब्द टाकून ठेवला होता. बारामतीत लेकीचा दवाखाना, दारावर स्त्रीरोगतज्ज्ञ अशी पाटी, पाटीचा रंगसुद्धा ठरलेला. आणि हिने अर्जात लिहिलं, विषय भूल, ठिकाण इंदापूर.

"आगं, बाहेर म्हंजी इंदापूर?" दाजी म्हणाले. "तितवर तर आपली शेळी चरून येती."

तिने शांतपणे सांगितलं, की मोठ्या शहरात एका पेशंटच्या उशाशी सहाजण उभे असतात, मला सातवं व्हायचं नाही. इंदापुरात भूल देणाऱ्या मॅडम एकट्याच आहेत, तिथं मी दुसरी होईन.

"आन् नाव कुणाचं हुणार? पेशंट झोपल्याला. तू काय केलंस त्याला कळणार न्हाय, उठून पाया पडणार दुसऱ्याच्या."

"पडू दे की. उठला ना?"

मी घरातला समजूतदार माणूस असल्याने स्वयंपाकघरात भाचीला म्हणालो तुझं बरोबर, आणि गोठ्यात दाजींना म्हणालो तुमचं बरोबर. शेवटी दाजींनी पैज लावली. जा पंधरा दिवस. तेवढ्यात एका जरी पेशंटनं उठल्यावर तुझं नाव घेतलं, तर घे तुझी भूल. न्हाय घेतलं, तर मुकाट्यानं बाळंतपणं.

आता माझा पराक्रम. त्याच पंधरवड्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले, तेही तिच्याच हॉस्पिटलात. शुद्धीवर येताच तिचं नाव खणखणीत घ्यायचं आणि पैज मिटवायची, असा माझा बेत होता. आरशासमोर तालीमही केली होती. उपाशीपोटी यायचं होतं. पण एसटी स्टँडवर उतरलो तर समोरच बेकरी. एक क्रीमरोल खाल्ला. क्रीमरोल म्हणजे निम्मी हवाच. हॉस्पिटलात भाचीने विचारलं, काही खाल्लंस? मी नकारार्थी मान हलवली. ती माझ्या मिशीकडे बघत राहिली. मिशीत पिठीसाखर होती.

ती सरळ मॅडमकडे गेली आणि ऑपरेशन थांबलं. ओळखी काढून बारामतीहून सर्जन आणवलेले दाजी भडकले. एवढ्याशा क्रीमरोलनं काय हुतंय, म्हणत थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आले. भाची दारात आडवी उभी राहिली.

"झोपेत तो रोल वर येऊन छातीत गेला, तर मामा उठणार नाही. सर्जन उद्या येतील, नाहीतर परवा येतील. तात्या, आज मी त्याला आत जाऊ देणार नाही."

ती म्हणते ते बरोबर आहे, असं मॅडम मागून म्हणाल्या. सर्जननी मुकाट्याने दुसऱ्या दिवशीची वेळ दिली आणि जाताना मला बेकरीचं नाव विचारलं. दाजींना कुणी असं अडवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. खुद्द साखर कारखान्याच्या सभेतही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला वीसपासून उलटं मोजायला लावलं. मी अठरापर्यंत पोचलो. गणितात माझी मजल तेवढीच. डोळे उघडले तेव्हा पायाशी सर्जन उभे होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "डॉक्टर, तुम्हीच वाचवलंत." चार-पाच वेळा म्हणालो म्हणे, दाराशी उभ्या दाजींना ऐकू जाईल असं. भाची माझ्या उशाशी होती, माझी हनुवटी धरून. उशाशी उभं असलेलं माणूस निजलेल्याला दिसत नाही. मी मान वळवायला हवी होती. आखूड असली तरी तेवढी वळते.

पंधरा दिवस संपले. एकाही पेशंटने तिचं नाव घेतलं नव्हतं. जेवताना तिनेच विषय काढला.

"पैज हरले, तात्या. पण घेणार भूलच."

ताईने, म्हणजे तिच्या आईने, दाजींच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दाजींनी तिचा तुकडा मोडला.

"हरलीस कुठं?" ते ताटाकडे बघत म्हणाले. "दारात मला आडवलंस तवापास्नं अख्ख्या गावात तुझंच नाव घेत फिरतोय मी. रागानं का हुईना."

आता ती भूलशास्त्र शिकायला दूर परराज्यात असते, वर्षातून एखाद्या खेपेस येते. बारामतीतली पाटी काही लागली नाही. मला मात्र एक खोड लागली आहे. सकाळी जाग आली की आधी मान वळवून उशाकडे बघतो. तिथं भिंत असते. तरी क्षणभर बघतो, आणि मग उठतो.