उखाच्या नावाची मूठ

माझा चुलतभाऊ उखा जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या धुरपदाकाकूनं, त्याला उकिरड्यावर ठेवला होता. नकोसा होता म्हणून नव्हे. आधीची चार पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून पाचव्याला फडक्यात गुंडाळून शेणाच्या ढिगावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं आणि आईनं मूठभर बाजरी देऊन परत घ्यायचं. टाकून दिलेल्या पोराकडे देवाचं लक्ष जात नाही, अशी आमच्या खानदेशातली समजूत. नावही तसलंच, उकिरड्यावरून उखर्डू. सुरतेला येईपर्यंत त्याचं उखा झालं. काकू हा किस्सा इतक्यांदा सांगायची की आमचे कान किटले. उखा मात्र दर वेळी नव्यानं ऐकायचा.

ब्याण्णव साली सुरतेत, लिंबायत वस्तीतल्या खोलीत त्याची बायको रुक्मिणी बाळंतपणात गेली, बाळासकट. दिवस झाल्यावर तो मला म्हणाला, "दत्तूभाऊ, देवनी माले कधी देखेलच नही. मायनी लपाडी ठेवं ना." मी म्हटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण हा गडी ते धरूनच बसला.

रुक्मिणीच्या उशाशी शेवटपर्यंत बसली होती ती सरलाबाई, नवापूरकडची ख्रिस्ती विधवा, दवाखान्यात आया. दर रविवारी तिच्या खोलीत दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमत. तिनं उखाला सांगितलं, "मन लावून शोध, दादा. तो लपून बसणारा नाही." झालं. आमचा उखा कुठलीही गोष्ट अर्धवट करणाऱ्यांतला नव्हे. त्यानं गुटखा सोडला, दारूची पोटली सोडली, चौतिसाव्या वर्षी बोट ठेवून अक्षरं लावायला शिकला. आम्ही एकाच खात्यात होतो. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. तिथल्या खडखडाटात शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही. बारा तास उखाचे ओठ हलत असायचे. एकदा धागा सांधायच्या निमित्तानं मी कान त्याच्या तोंडाशी नेला. तो ओरडत होता, "प्रभू येशू, मी उखा शे. लिंबायतना उखा. माले देख." एवढंच, पुन्हा पुन्हा.

अशी चार वर्षं गेली. मी खवचटपणे विचारायचो, "काय रे, आला का जबाब?" तो सरळ सांगायचा, "नही ना, भाऊ." प्रार्थनेत बाकीची माणसं रडत, हसत, मन हलकं झालं म्हणत. याच्या वाट्याला काहीच नाही. गुडघे दुखेपर्यंत बसायचा आणि तोंड पाडून उठायचा. एकदा चहाच्या टपरीवर पोरासारखा रडला. मला संताप आला. म्हटलं, मग सोड ना एकदाचं! तर म्हणे, "सोडीसन कोठे जाऊ?" मी त्याच्या चहाचे पैसे दिले.

शहाण्णवच्या आषाढात त्यानं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. भाऊबंदकी पेटली. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा. मेलेल्याची तेवढी काढत नाहीत. आमच्यातले थोरले सुकलालआप्पा म्हणाले, "पाण्यात उतरला तर तुझी मूठ नाही." उखा घाबरला होता, मला दिसत होतं. तरी उतरला. बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांनी विचारलं, नवं नाव घेतोस का? म्हणाला, "नको. देवनी उखाले देखाले पाहिजे. नवा नाववालाले देखीसन मन्हा काय उपेग?"

गहू काढायच्या दिवशी सगळी भाऊबंदकी काकूच्या खोलीत जमली. आप्पा वयाप्रमाणे एकेक नाव घेत होते आणि काकू पोत्यात हात घालून सुपात मूठ सोडत होती. उखा कामावरून थेट आला. केसांत अजून लूमचा कापूस होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. कुणी आत ये म्हणालं नाही. माझ्याहून थोरल्या योगराजचं नाव झालं, माझं झालं. माझ्यानंतर उखाचं असतं. आप्पांनी ते घेतलं नाही. काकूचा हात मात्र सवयीनं पोत्यात गेला, भरला, वर आला आणि तिथंच थांबला. आप्पा खाकरले. काकूनं आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं नाही. मग तिची मूठ उघडली आणि गहू परत पोत्यात गेले.

दारातून उखा हळूच म्हणाला, "माय, या खेपले माले उचलाले कोन येई?"

काकूनं पदर तोंडात कोंबला. उखा बराच वेळ उभा राहिला. त्याला वाटत असावं, कुणीतरी उठेल. बोलण्यासारखा मी एकटाच होतो, आणि माझी मूठ सुपात पडलेली होती. मी उठलो नाही. शेवटी त्यानं चपला घातल्या आणि गेला.

कानबाईच्या रविवारी आम्ही रोट खाल्ले, तेव्हा तो सरलाबाईच्या खोलीत गुडघ्यांवर होता. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं आणि मंगळवारी खातं सुरू झालं. शेजारच्या लूमवर त्याचे ओठ हलत होते. मी काही कान लावला नाही.