वरून ओतलेलं पाणी

१९४६ च्या उन्हाळ्यात मी निजामाच्या फौजेत नाईक होतो. भूमजवळच्या डोंगरवाटेवर आमची चौकी होती, आणि माझ्या सेक्शनमध्ये आठ जवान. त्या वाटेनं फिरणाऱ्या दरोडेखोरांवर नजर ठेवायची, एवढंच काम. पहाटे पाचला फॉल-इनची हजेरी, सहाला गस्त, दुपारी रायफली साफ करायच्या.

आठांपैकी एक शमुवेल, तामलवाडीकडचा. त्याच्या बापानं ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण घर राहिलं गावकुसाबाहेरच. जेवणाआधी शमुवेल डोळे मिटून प्रार्थना करायचा.

"पाद्रीबुवा, भाकरी पळाली बगा!" आम्ही चिडवायचो. तो हसायचा.

त्यानं माठाला शिवायचं नाही, हा हुकूम माझा. तहान लागली की तो ओंजळ धरायचा आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. फौजेच्या नियमात असलं काही नव्हतं. ती घाण मी गावाकडून आणली होती.

एका सकाळी आठच्या सुमारास गस्तीवर असताना खडकांमागून गोळीबार झाला.

"कव्हर घ्या!" मी ओरडलो.

दहा मिनिटांत टोळी पळाली. जवानांना मी मागावर धाडलं. शमुवेल पडला होता. एक गोळी छातीत, दोन्ही हात फुटलेले.

"पाणी," तो म्हणाला.

मी माझ्या बाटलीचं बूच काढलं आणि तसाच उभा राहिलो. त्याला ओंजळ धरता येत नव्हती. बाटली त्याच्या तोंडाला लावली तर ती बाटणार, हा विचार माझ्या मनात आला. माणूस मरत होता आणि मी बाटलीचं बघत होतो. मिनिटभर तरी गेलं असेल.

त्यानं ओळखलं. "वरूनच वता, नाईकसाब. मला चालतंय."

मी वरून ओतलं. निम्मं नाकात गेलं, त्याला ठसका लागला. मग जेवणाआधी मिटायचा तसे डोळे मिटून तो पुटपुटला, "बापा, नाईकसाबावर रागावू नगं."

तेव्हा कुठं मी खाली बसलो आणि बाटली त्याच्या ओठांना लावली. पाणी ओघळून बाहेर आलं. तो गेला होता.

त्याची ट्रंक घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला, मार्थाबाईंना, काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात अशी माझी इच्छा होती.

त्या एवढंच म्हणाल्या, "सुट्टीवर आला तवाबी तुमच्यासाटी देवाकडं मागायचा. म्हणायचा, मानूस वाईट न्हाय."

त्या वाक्यानं मला माझं घर आणि जात सोडायला लावली. दोन वर्षांनी मी बाप्तिस्मा घेतला. पहिल्या प्रभुभोजनाला माझ्या शेजारी मार्थाबाई बसल्या होत्या. सगळ्यांना मिळून द्राक्षरसाचा एकच प्याला. त्यांनी घोट घेतला आणि तो उष्टा प्याला माझ्या हातात दिला. मी लहान पोरासारखा रडलो. मला क्षमा मिळाली, हे त्या दिवशी पटलं.

लाज मात्र गेली नाही. आजही प्याला हातात आला की मी आधी मनात म्हणतो, "शिपाई शमुवेल, तू घे." मग ओठ लावतो.