परत गेलेली पोती

तिच्या पायाला भिंगरी होती, म्हणून चर्चमधली मंडळी तिला भिंगरीच म्हणायची. नवरा गेल्यापासून ती एका शिंप्याकडे काज-बटणं करून पोट भरायची आणि उरलेला सगळा जीव चर्चच्या कामाला लावायची. वेदीवरची फुलं बदलायची, बाकं पुसायची, आजाऱ्यांना डबा पोचवायची. कामाचं नाव निघायचा अवकाश, ही बाह्या सरसावून उभी. थोरली जाऊ म्हणायची, "अगं, देवानंसुद्धा सातव्या दिवशी अंग टाकलं. तू त्याच्या वरताण निघालीस." ती हसायची. काम केलं की तिला खरंच बरं वाटायचं.

वीटभट्टीमागची वस्ती जळाली, त्या रविवारी फादरनी कपडे गोळा करायचं आवाहन केलं. ही सगळ्यांच्या आधी उठली. दोघी जावांनी हातगाडी घेतली आणि मोठ्या बंगल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दारोदार पोतं मिळालं, वर शाबासकीही.

"बघा, माणसं हात सैल सोडून देतात," ती म्हणाली.

"आधी उघडून तर बघ," जाऊ म्हणाली.

चर्चच्या सभागृहात पहिलं पोतं उघडलं आणि आंबूस भपकारा नाकात गेला. आत डाग पडलेल्या चड्ड्या होत्या. काखेत कुजलेले शर्ट होते. कुणाची तरी ओकारी वाळून चादर पापडासारखी कडक झाली होती. तिनं एक झगा ओढला, त्यात गुंडाळलेला बाळाचा लंगोट तिच्या हाताला लागला. तो धुतलेलाही नव्हता. ती बाहेर नळाशी धावली आणि पोटातलं सगळं ओकून टाकलं. हात साबणानं घासघासून लाल झाले, तरी बोटांना वास येतच राहिला.

तेवढ्यात चर्चच्या समितीचे सचिव आले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना साहेब म्हणत. नाकाला रुमाल लावून त्यांनी पोत्यांत डोकावलं.

"चांगले चार वर ठेवा, बाकीचे खाली दडपा."

"साहेब, याचं पायपुसणंसुद्धा व्हायचं नाही," जाऊ म्हणाली.

"धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, बाई. त्यांच्या अंगावर धड चिंधी नाही, ते काय निवडत बसणार?"

जेवढं धुण्याजोगं होतं तेवढं दोघींनी धुतलं. बाकीचं साहेबांच्या सांगण्याप्रमाणे खाली गेलं.

वाटपाच्या दिवशी भिंगरी चर्चच्या फलकाचं एक टोक धरून उभी होती. वस्तीतल्या एका बाईच्या हातात साहेबांनी कपड्यांची चवड ठेवली. हाताला भाजल्याचे फोड असलेली ती बाई. तिनं मधला एक शर्ट ओढून नाकाशी नेला, पुन्हा नीट घडी घातली आणि चवड परत केली.

"आम्ही जळालोय," ती म्हणाली. "सडलो नाही."

"घ्या हो, फोटो राहिलाय," असं म्हणत साहेबांनी हसत हसत चवड तिच्या छातीशी रेटली.

भिंगरीनं फलक सोडला. बाईच्या हातातली चवड काढून पोत्यात कोंबली, जावेला हाक मारली आणि दोघींनी सगळी पोती पुन्हा हातगाडीवर चढवली. ज्या दारातून जे पोतं आणलं होतं, त्याच दारात ते नेऊन ठेवलं. साहेबांच्या बायकोनं दार उघडलं.

"अगं, हे तर आमचंच."

"म्हणूनच आणलं," भिंगरी म्हणाली.

संध्याकाळी फादरनी बोलावलं. ते रागावले नाहीत, उलट चहा पुढे केला. "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मंडळी दुखावलीत. साहेबांना एकदा जाऊन भेट, दोन गोड शब्द बोल."

"तुम्ही ती पोती पाहिली होती, फादर?"

फादरनी कप तिच्या आणखी जवळ सरकवला. त्यांनी पाहिली होती. तिनं चहाला हात लावला नाही.

ती साहेबांकडे गेली नाही. समितीनं फुलांचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. बाकं पुसायला मात्र कुणी पुढे आलं नाही, म्हणून ती अजून तीच पुसते. संध्याकाळी सुई-दोरा आणि दुकानातली उरलेली कापडं घेऊन ती वस्तीत जाते. फोडवाली बाई तिच्याशी अजून फारसं बोलत नाही. शिवलेलं आधी उलटंपालटं करून बघते, मगच घेते. भिंगरीला त्याचं वाईट वाटत नाही.

रविवारी ती मिस्साला, चर्चच्या प्रार्थनेला, जाते. प्रसादासाठी दोन रांगा लागतात. एकीत फादर देतात, दुसरीत त्यांच्या मदतीला साहेब. त्यांची पांढरी, स्वच्छ बोटं ती पवित्र भाकर उचलताना दिसली की तिला पोत्यांतला तो वास आठवतो. आपली रांग त्यांच्याकडे चाललीय असं दिसताच ती माणसांना बाजूला सारत दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. फादरकडेही ती बघत नाही. खाली मान घालून हात पुढे करते.