नागिणीला न जमलेला सूड

एखाद्या मालिकेला रोज शिव्या द्यायच्या आणि तरी तिचा एकही भाग चुकवायचा नाही, असं तुम्ही किती वर्षं केलंय? खरं सांगा. आमच्या घरात हे पाचेक वर्षं चाललं होतं.

मालिका नागिणीची. तिच्या नागाला एका शेटजीनं मारलेलं असतं. सूड घ्यायला ती बाईचं रूप घेते आणि त्याच शेटजीच्या घरात सून होऊन येते. एवढीच गोष्ट. महिन्याभरात संपायला हवी होती. पण शुक्रवारी उभारलेला फणा सोमवारपर्यंत उभाच. वीज कडाडली की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा. शेटजी मरायला टेकला की नागिणीची स्मृती जाते. स्मृती येते तोवर नागमणी चोरीला जातो. मणी सापडतो, तर शेटजीचा मेलेला भाऊ दारात उभा.

"मेला होता ना थो?" आई टीव्हीवर ओरडायची. "दरीत पडला होता! म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं!"

बाबा पेपराआडून विचारायचे, "मणी सापडला का वं?"

"तुमी वाचा तुमचा पेपर."

माझा राग वेगळा होता. बाबा तरुणपणी कळंबच्या बाजारात अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. अशा घरात रोज संध्याकाळी नागमणी चमकतो म्हणजे काय! मी त्या मालिकेविरुद्ध एक पत्रकच लिहिलं. साप डूख धरत नाही, त्याच्या डोक्यात मणी नसतो, त्याच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटत नाही, आणि ही मालिकावाली माणसं आपल्याला आपलीच भीती विकताहेत. आईला वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "थ्या मेलेल्या भावाचं नाही लिव्हलं?"

त्याच सुमारास दादाचं लग्न झालं. वहिनी यवतमाळला नर्सिंग शिकत होती आणि शिक्षण सुरू राहील हे लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. आमच्या गावापासून फाट्यापर्यंत पांदण आहे, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, दोन्ही अंगांना कपाशी आणि तूर, मग फाट्यावर एसटी. पावसाळ्यात चिखलातून गाडी जात नाही, म्हणून एका सकाळी दादा तिला पायीच सोडायला निघाला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, साप आडवा आला. वहिनी किंचाळली. दादानं हाताला लागली ती काठी उचलली आणि तो साप मारला.

धामण होती. बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी. बाबांनी दादाला असं झापलं की बरेच दिवस तो त्यांच्यासमोर जेवायला बसला नाही. पण गोष्ट खरी बिघडली ती दुपारी, शेजारची काकू आल्यावर.

"जोडा असते बाई तिचा," काकू म्हणाली. "दुसरा राह्यला ना. थो आता वाट पाह्यते. मारणाऱ्याले नाही, तं त्याच्या बायकोले डसन."

दुसऱ्या दिवशी वहिनी बॅग घेऊन पांदणीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली. तिसऱ्या दिवशी अंगणातूनच. मग तिनं बॅग भरणंच सोडलं. मैत्रिणीचा फोन आला की हजेरी कमी पडतेय, परीक्षेला बसू देणार नाहीत. तिच्या माहेरचे आधीच म्हणत होते, लग्न झालं, आता कायले पाहिजे शिक्षण. एक वर्ष हातचं गेलं असतं तर पुढची वर्षंही गेली असती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मी माझं पत्रक काढलं. वहिनीला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ठासून वाचलं.

"ताई, सगळं पटते मले," ती म्हणाली. "आम्हाले शिकवलं तेच आहे हे. पण पांदणीत पाय नाही उचलत."

मी पत्रकाची घडी घालून ते परत ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी मालिका लागली. वहिनी मेथी निवडत बसली होती. नागीण झोपलेल्या शेटजीच्या पलंगाशी पोचली, फणा काढला, वीज कडाडली, आणि शेटजीनं कूस बदलली. भाग संपला.

आईनं रिमोट सतरंजीवर आपटला. "हट्! हिच्याच्यानं काही होत नाही!" मग ती वहिनीकडे वळली. "काहून वं, हिले बाईचं रूप घेता येते. भिंतीतून जाता येते. ईज पाडता येते. सून बनून थ्या बुढ्याले रोज हातानं जेवू घालते. अन् इतके वर्सं झाले, थो मरून नाही राह्यला! तुह्या धामणीच्या नवऱ्याले तं ना हात, ना पाय, ना यष्टीचं तिकीट. थो तुले शोधत येईन?"

"पण आई, हे तं मालिका आहे."

"मंग? मीबी तेच म्हणून राह्यली."

वहिनीला असं हसू फुटलं की मेथी सगळी खाली. डूख धरणारा साप तिनंही फक्त टीव्हीच्या त्या डब्यातच पाहिला होता, आणि तिथेही त्याला काही जमलेलं नव्हतं.

हसण्यानं भीती पळाली असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. सकाळी आई तिच्यासोबत निघाली, मागे मी. वाटेत धामण मारली ती जागा आली. वहिनी थांबली आणि तिनं आईचा दंड घट्ट धरला.

"चाल, यष्टी सुटन," आई म्हणाली. "अन् मले सांग, थो भाऊ एवढ्या दरीत पडला, तं त्याचा चष्मा कसा नाही फुटला?"

वहिनी उत्तर शोधत चालू लागली. काही दिवस दोघी अशाच, मालिकेच्या चुका मोजत फाट्यापर्यंत जायच्या. मग एका सकाळी आई चप्पल घालेपर्यंत वहिनी निघूनही गेली होती. हजेरी काठावर भरली. ती परीक्षेला बसली, पास झाली. आजही ती पायाखाली पाहून चालते, आणि शेतातून जाणाऱ्यानं तसंच चालावं.

आईचे उपकार मी कधी विसरणार नाही. बाबांच्या पत्रकांचेही नाही, कारण धामण कोणती आणि नाग कोणता हे मला त्यांनीच शिकवलं. आणि सांगताना माझा जळफळाट होतो, पण त्या रटाळ मालिकेचेही थोडे आभार मानावे लागतात. ती चांगली असती तर नागिणीचा सूड केव्हाच पुरा झाला असता, आणि आईकडे त्या संध्याकाळी बोलायला काहीच नसतं.

म्हणून, पत्रकं लिहिणाऱ्या आणि वाटणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक विनंती आहे. मालिकेच्या वेळेला कोणाच्या घरी पोचलात, तर टीव्ही बंद करायला सांगू नका. सतरंजीवर बसा. घरच्या बाईला विचारा, आतापर्यंत काय काय झालं? ती मालिकेवर चिडेपर्यंत ऐका, आणि पत्रक त्यानंतर काढा.