नोंदणी लग्नांची आत्या

वडवणी तालुक्यात नोंदणी पद्धतीने लग्न करायचं आणि माझ्या आत्याला विचारायचं नाही, असं धाडस करणारं जोडपं कधी जन्मालाच आलं नाही. आत्या गावच्या दूध सोसायटीची सचिव. दुष्काळात जनावरं छावणीवर गेली, डेअरीत दूध येईना. त्या रिकामपणात तिने विशेष विवाह कायदा तोंडपाठ केला. तेव्हापासून कुठल्याही मांडवात अक्षता टाकण्याआधी ती नवरदेवाला गाठायची. "एकवीस पुरी झाली ना? पैली बायको न्हाई ना कुठं?" गेवराईच्या एका नवरदेवाने तर घाबरून मुंडावळ्या सांभाळत शाळेचा दाखला मागवून घेतला. तिने तो उलटसुलट वाचला आणि मगच जेवायला बसली.

मी माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या एका बौद्ध शिक्षकाशी लग्न ठरवलं, तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. वडील म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. बीडच्या विवाह नोंदणी कचेरीत फळ्यावर आमची तीस दिवसांची नोटीस लागली. ती कुणी फाडली तर नाही ना, हे बघायला आत्या दर सोमवारी एसटीने जाऊन यायची. चौथ्या सोमवारी वडील हरकत घ्यायला तिथे आले, तर फळ्यापाशी ही उभी!

"काय लिवणार हायस?" आत्याने विचारलं.

"जात येगळी हाय, अक्का."

"कायद्यात तसली हरकत न्हाई. पोरीचं वय कमी हाय का? पोराला बायको हाय का? मग कावून कागद वाया घालतूस?"

वडिलांनी कोऱ्या कागदाची घडी घातली. "अक्का, तू माझी का तिची?"

"तुझीच. म्हणून तर तुला खोटं लिवू देत न्हाई."

कागदाची घडी खिशात घालून ते स्टँडकडे चालू लागले. लग्नाला आले नाहीत. तीन साक्षीदारांत पहिली सही आत्याने केली. इतक्या लग्नांना ती साक्षीदार राहिली होती, पण त्या दिवशी सही वाकडी आली. वडील आमच्या घरी आले ते दोन वर्षांनी, तेही आत्याने दंडाला धरून आणलं म्हणून.

आत्या आता नाही. विवाहाचं प्रमाणपत्र कुठे दाखवायची वेळ आली की एखादा कारकून त्या सहीवर बोट ठेवून विचारतो, "ह्या कोण?"

"माझी आत्या," मी म्हणते, आणि तो घड्याळाकडे बघायला लागेपर्यंत सांगत राहते.