व्हिएन्ना ते बुडापेस्ट: बाबा एका गाडीने, आम्ही दुसऱ्या

ही ट्रिप ठरली ती बाबांनी नागपूरला कायमचं परत जायचं म्हटल्यामुळे.

बाबा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर, रेल्वेतले निवृत्त गार्ड. सासूबाई गेल्यावर सुशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना आमच्याकडे न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आणलं. ग्रीन कार्ड केलं, बेसमेंट फर्निश केलं, मराठी चॅनेल लावून दिले आणि बाबांचा प्रश्न सुटला असं जाहीर केलं. दीड वर्षाने एकदा जेवताना बाबा म्हणाले, "मी आता घरी जातो म्हणतो."

"घरीच तर आहात," सुशांत म्हणाला.

बाबांच्या वस्तीतल्या विहारात मुलांसाठी अभ्यासिका आहे. निवृत्तीनंतर ती बाबांनीच चालवली. आता ती कधी उघडते, कधी उघडत नाही, असं त्यांना फोनवर कळत होतं. सुशांतने त्यावरही तोडगा काढला होता: मुलांना व्हिडिओ कॉलवर शिकवा. बाबांनी दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "आधी युरोप बघून येऊ, मग बोलू." थोडक्यात, ही लाच होती. व्हिएन्नात तीन दिवस, बुडापेस्टला तीन दिवस आणि मध्ये रेल्वे, कारण रेल्वेवाल्या माणसाला रेल्वे आवडणारच. इतकं सगळं दाखवल्यावर माणूस नागपूरचं नाव काढेल कशाला?

ट्रिपची बातमी मित्रमंडळींच्या पॉटलक जेवणात फुटली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाने अकरा दिवसांत नऊ देश केलेले आहेत. एक काकू म्हणाल्या, "व्हिएन्नात तीन दिवस करणार काय तुम्ही? आम्ही दीड तासात उरकलं. पार्किंगसकट."

जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. घरात कुणाचा भारतीय पासपोर्ट असेल तर ग्रीन कार्ड असूनही युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो. अपॉइंटमेंट न्यूयॉर्कला मिळते आणि जुलैत जायचं असेल तर मार्चपासून मागे लागा. मी, सुशांत आणि आमची मुलगी, आम्हा तिघांचे अमेरिकन पासपोर्ट, त्यामुळे धावपळ एकट्या बाबांची. मुलाखतीच्या खिडकीवरच्या बाईने त्यांना विचारलं, "परत येणार ना?" बाबांनी आधी सुशांतकडे पाहिलं आणि मग हो म्हटलं.

व्हिएन्ना सुंदर आहे. राजवाड्याची बाग फुकट आहे, आतल्या खोल्यांचं तिकीट महाग आहे, आणि खोल्या पाहून झाल्यावर आपण बागेतच बसायला हवं होतं असं वाटतं. नळाचं पाणी डोंगरातून येतं आणि इतकं गोड लागतं की विकतचं घेऊ नये. जेवायला स्टेशनजवळची तुर्की दुकानं स्वस्त आणि पोटभर. पण तीन दिवसांत बाबांचा चेहरा उजळला तो फक्त ट्रॅममध्ये. पिस्कॅटवेला आमच्या घरासमोर फूटपाथ नाही, दुकान चार मैलांवर आहे आणि बाबांना गाडी चालवता येत नाही. इथे सकाळी आम्ही उठायच्या आत ते एकटे जाऊन ब्रेड घेऊन आले. सुशांतने त्यांना अर्धा तास समजावलं की असं करायचं नाही. मग पाकीटमारांच्या भीतीने त्याने बाबांचा फोन, पैसे आणि पासपोर्ट स्वतःच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवले. बाबांच्या खिशात उरला एक रुमाल, एक पेन आणि रेल्वेचं जुनं ओळखपत्र.

आता मुख्य प्रवास. व्हिएन्ना ते बुडापेस्ट थेट गाडी साधारण पावणेतीन तास घेते. गाड्या दिवसभर आहेत. तिकीट महिनाभर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, सीटचं रिझर्व्हेशन वेगळं घ्यावं लागतं आणि उन्हाळ्यात ते घ्याच. हे सगळं सुशांतने चोख केलं होतं. घोळ वेगळाच झाला. सुशांत वीस वर्षं अमेरिकेत राहिला आहे आणि लांबचा प्रवास म्हणजे विमान हे त्याच्या हाडात मुरलं आहे.

पावणेअकराच्या गाडीसाठी त्याने आम्हाला आठ वाजता स्टेशनवर उभं केलं. मी रात्री हॉटेलच्या छोट्या किचनमध्ये धपाटे केले होते, तेही "आत नेऊ देत नाहीत" म्हणून त्याने उभ्याउभ्या संपवायला लावले. पाण्याच्या बाटल्या ओतून दिल्या. मग तो सिक्युरिटी शोधत हिंडला. माहितीच्या खिडकीवरच्या बाईला त्याने विचारलं, "सिक्युरिटी चेक कुठे आहे?" ती म्हणाली, "कशाचा?" आमच्यासमोरून एक माणूस सायकल, कुत्रा आणि अख्खं कलिंगड घेऊन सरळ प्लॅटफॉर्मवर गेला.

गाडी आली. समोर जो डबा थांबला त्यात सुशांतने आम्हाला चढवलं. आमचे सीट नंबर होते एक्केचाळीस ते चव्वेचाळीस आणि त्या डब्यात एक्केचाळीस ते चव्वेचाळीस मोकळे होते. एवढंच काय, अख्खा डबा मोकळा होता. "बघा, आधी आलं की असं असतं," सुशांत म्हणाला. विमानात सीटचा नंबर पाहिला की झालं. गाडीत डब्याचाही नंबर असतो, हे तिकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं असूनही नागपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या ह्या मुलाच्या लक्षात आलं नाही.

बाबांनी एकदा तिकिटाकडे पाहिलं आणि एकदा दारावरच्या पाटीकडे. "सुशांत, हा आपला डबा नोहे. आपला पुढं आहे."

"बाबा, सीट नंबर मॅच होतोय ना? रिलॅक्स. हे युरोप आहे, इथे सगळं ऑटोमॅटिक असतं."

बाबांनी खिडकीतून वाकून पाहिलं. "मागचा अर्धा रेक, आपला हा डबा धरून, इथंच ठेवून राहिले ते. दोन गाड्या जोडून आहेत. कपलिंग सोडून राहिले, आवाज नाही आला का तुला?"

"बाबा, प्लीज. नागपूर नाही हे."

बाबा उठले आणि खाली उतरले. आम्हाला वाटलं रागावले. थोड्या वेळाने ते बाहेरून आमच्या खिडकीवर टकटक करून हाताने "या, या" करत होते. सुशांतने आतून दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं. तो बॅगा वरच्या रॅकवर रचून दमला होता आणि आता हॉटेलला रिव्ह्यू लिहीत होता. खरं सांगते, मीही उठले नाही. बाबा पुढे पळत गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. शिट्टी झाली, पुढची अर्धी गाडी निघून गेली आणि आम्ही जागच्या जागी राहिलो.

आमची लेक इशा, वय चौदा, जन्म न्यू जर्सीचा, मान वर करून म्हणाली, "वेट. व्हेअर इज आजोबा?"

पुढची दहा मिनिटं मी लिहिणार नाही. सुशांत प्लॅटफॉर्मवरून दोन्ही दिशांना पळाला आणि बाबा कुठेच नव्हते, म्हणजे ते गेलेल्या गाडीत होते, एवढं सांगते. मग आम्ही पुन्हा त्याच खिडकीवर गेलो. तीच बाई.

"माझे वडील बुडापेस्टच्या गाडीत एकटेच गेले!" सुशांत ओरडला.

"तुम्हाला कुठे जायचं होतं?"

"बुडापेस्टला!"

"ते आजारी आहेत का?"

"नाही."

"विसरतात?"

"नाही, पण ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत!"

"इंग्रजी येतं?"

"हो."

"मग अडचण काय आहे?" तिने खरंच न कळून विचारलं.

"डॅड," इशा हळूच म्हणाली, "ही इज लिटरली द ओन्ली वन ऑन द राइट ट्रेन."

त्या बाईने गाडीतल्या स्टाफला फोन लावला. एक वयस्क गृहस्थ गाडीत आहेत, ठीक आहेत, बुडापेस्टला उतरवू, असा निरोप आला. पुढची गाडी तासाभराने होती. नवीन तिकिटं काढावी लागली, कारण आमची स्वस्तातली होती आणि त्याच गाडीला चालत होती. त्या गाडीत गर्दी होती आणि आम्ही दाराजवळ बॅगांवर बसलो. बाहेर मैलोन्मैल पवनचक्क्या आणि पुढे सूर्यफुलांची शेतं लागतात असं मी वाचलं होतं. ती होतीही. आसपासचे सगळे जेवणाचे डबे उघडून घरचं काहीबाही खात होते आणि मी सकाळी घाईत गिळलेल्या धपाट्यांचा विचार करत होते. सरहद्द कधी गेली कळलंही नाही, पासपोर्ट कुणी मागितला नाही. सुशांत पूर्ण वेळ पाऊचला हात लावून बसला होता. मी कधी नव्हे ते त्याच्याशी भांडले नाही, कारण तो घाबरला होता आणि मीही घाबरले होते.

बुडापेस्टचं केलेती स्टेशन जुनं आणि भव्य आहे. काचेची मोठी कमान, खाली कबुतरं. आमची गाडी आत शिरली आणि बरोबर आमच्या डब्याचं दार जिथे थांबलं तिथे बाबा उभे होते. हातात कागदी पिशवी, पिशवीत तिथले चीजचे खारे बन. त्यांनी आधी इशाच्या हातातली बॅग घेतली.

"उशीर केला," ते म्हणाले.

"बाबा! तिकीट नाही, फोन नाही, पासपोर्ट नाही! काही झालं असतं तर?"

"काय झालं असतं? गाडी बुडापेस्टला जाऊन राहिली होती. मी गेलो."

टीसी बाई आली तेव्हा काय झालं ते त्यांनी आम्हाला टॅक्सीत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते विनातिकीट होते आणि लाजेने त्यांचे कान तापले होते. त्यांनी रेल्वेचं ओळखपत्र काढून तिच्यापुढे धरलं. तिला त्यातला जुना फोटो आणि इंजिनाचं चित्र कळलं. मग बाबांनी हाताने कपलिंग सुटल्याचं करून दाखवलं आणि मागे बोट दाखवून म्हणाले, "माय फॅमिली. व्हिएन्ना." ती इतकी हसली म्हणे, की शेजारच्यांनाही सांगितलं. उतरल्यावर तिने त्यांना स्टाफच्या खोलीत नेलं, चहा पाजला आणि बन बांधून दिले. आम्ही कुठल्या डब्यात आहोत आणि तो कुठे थांबेल, तेही बाबांनी तिथूनच आमच्या गाडीच्या स्टाफला फोन करवून विचारून ठेवलं होतं.

बुडापेस्टबद्दल थोडक्यात: पैसे युरो नाहीत, फोरिंट आहेत, आणि एअरपोर्ट-स्टेशनवर बदलू नका. लांगोश नावाची तळलेली पोळी खा, वर लसणाचं पाणी जास्त घाला. नदीकाठची दोन नंबरची पिवळी ट्रॅम चुकवू नका. बाबा तिच्यात रोज सकाळी एकटे बसून शेवटपर्यंत जाऊन येत. पाऊच अजून सुशांतच्या कमरेला होता, पण बाबांचा फोन त्याने परत दिला होता.

पिस्कॅटवेला परत आल्यावर पहिल्याच रविवारी सुशांतने टीव्हीवर फोटो लावले आणि जेवताना विचारलं, "मग, बाबा? कसं वाटलं?" त्याला काय ऐकायचं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाबांनी घास संपवला. "व्हिएन्नात गाडीचं दार बंद होऊ लागलं तेव्हा माझा एक पाय खाली होता. उतरता आलं असतं मला."

"मग उतरलात का नाही?" सुशांतने विचारलं.

"बत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलो मी. गोंदियाच्या पुढच्या जंगलात गाडी रात्रभर उभी राहायची. इथं तुम्ही मला कोपऱ्यावर जाऊ देत नाही. पाहायचं होतं, अजून जमते का."

"पण तिथे तुम्ही एकटे पडाल, बाबा."

"अन् इथं?" बाबांनी अगदी सहज विचारलं. "सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा, इथं घरी कोण असते?"

मी लॅबमध्ये असते. सुशांत जर्सी सिटीच्या ऑफिसात. इशा शाळेत आणि तिथून क्लासला.

"नोबडी, डॅड," इशा म्हणाली.

दीड वर्ष. आठवड्याचे पाच दिवस, रोज साडेदहा तास. आणि आम्ही जीव मुठीत धरला होता तो पावणेचार तासांसाठी, तेही बाबा माणसांनी भरलेल्या गाडीत आणि स्टेशनवर असताना. मला त्या क्षणी फार लाज वाटली, आणि अजून वाटते.

सुशांतने विचारलं, "कधी जायचं म्हणता?"

बाबांनी तारीख लगेच सांगितली.