शिवण उसवलेलं पुस्तक

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होते. सभासदांनी एखादं पुस्तक वाचून त्यावर एकत्र बसून बोलावं, असं फार दिवस माझ्या मनात होतं. कार्यवाहांनी परवानगी दिली आणि मी उत्साहाच्या भरात निवडलं महाराष्ट्रातल्या धर्मांच्या इतिहासाचं पुस्तक. लेण्यांतल्या भिक्षूंपासून संतांपर्यंत आणि सूफींपासून छप्पन सालच्या धर्मांतरापर्यंत सगळं त्यात होतं. पुस्तक चांगलंच जाडजूड होतं आणि आमच्याकडं प्रत एकच.

आठ जणांनी नावं दिली. एकेकाला वाचायला दिलं असतं तर चर्चेला वर्ष लागलं असतं. आमची पुस्तकं बांधून देणारा बाइंडर म्हणाला, "शिवण उसवून देतो की. आठ भाग करून वाटा. झालं की आणा, परत शिवतो."

कार्यवाहांनी कपाळाला हात लावला. "पुस्तक फाडणारी ग्रंथपाल मी पहिल्यांदाच बघतोय!"

"फाडत नाही सर, उसवतेय," मी म्हटलं.

कुणी कुठला भाग वाचायचा यावरून रुसवेफुगवे नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. त्यात एक गंमत झाली. हातकणंगल्याहून रोज नोकरीला येणाऱ्या एक नर्स आमच्या सभासद होत्या, बौद्ध घरातल्या. त्यांना संतांचा भाग आला. आणि जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातनं शहरात दूध घालायला येणारे एक शेतकरी होते, गळ्यात तुळशीची माळ. त्यांना आली लेणी आणि भिक्षू.

त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. "मॅडम, ह्ये आमाला न्हाय जमायचं. सिस्टरांचं आमाला द्या, आमचं त्यास्नी. सरळ हुतंय."

नर्स हसल्या. "नको मामा. जे आलंय तेच वाचू या. मलापण माझ्या भागाला हात लावावासा वाटत नाही, पण वाचते."

चर्चेच्या रविवारी दुपारी सतरंजी अंथरताना मला धास्तीच वाटत होती. धर्माचा विषय. कुणी दुखावलं, आवाज चढला, तर वाचनालयाचं नाव खराब व्हायचं. सगळे आले. पहिली पाळी नर्सची होती.

त्या वहीत बघून नीट बोलल्या. संतांनी काय सांगितलं, कुणाकुणाला जवळ केलं, सगळं. मग वही मिटून म्हणाल्या, "भाग चांगला लिहिलाय. वाचताना दोनदा डोळ्यांत पाणी आलं. पण देवळाच्या बाहेर ज्याला उभं केलं, त्याला काय वाटलं असेल, हे लेखकानं दोन ओळींत उरकलंय. माझी आजी तशी उभी राहिलेली आहे. तिच्याकडून ऐकलंय मी. त्याला दोन ओळी पुरत नाहीत."

मी विषय बदलायला तोंड उघडलं, तोवर शेतकरीमामा बोलले.

"खरं हाय त्ये. आमच्या गावात बी हुतं तसं. दुसऱ्या कुणाचं कशाला, माझा बा बी त्यातलाच. लोकांस्नी लांब उभा करायचा." ते नर्सकडं वळले. "वाईट वाटतंय, सिस्टर. एवढंच बोलतो."

नर्सनी मान हलवली. पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

मग मामांची पाळी. त्यांनी वहीबिही काही आणली नव्हती. पुस्तकात विहाराचा नकाशा होता, मधे चौक आणि भोवती खोल्या. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही आमची लेणी! म्हंजे चित्र दुसरीकडलं हाय, पण आमच्या गावाजवळ अगदी आशीच हायती. ल्हानपणी उनाचं म्हसरं आत घालून आमी त्या खोल्यांत झोपायचो. पांडवांनी केल्यात म्हणून ऐकलेलं. आता कळलं, तितं कोण ऱ्हायचं त्ये. घरदार सोडल्याली माणसं बसून अभ्यास करायची, आन् आमी म्हसरं बांधत हुतो!"

सगळे हसले, नर्स सगळ्यात जास्त. त्या म्हणाल्या, "मी इतकी वर्षं इथं आहे, पण ती लेणी बघितली नाहीत."

"मग चला की! फुडच्या रविवारी. जेवान आमच्याकडं."

आम्ही सगळे गेलो. कार्यवाहसुद्धा आले. नर्सनी त्यांच्या आईला आणलं होतं. मामा पुढं होऊन एकेक खोली दाखवत होते, दोन आठवड्यांपूर्वी वाचलेलं सगळं जन्मभर माहीत असल्यासारखं. नर्सच्या आई एका खोलीच्या दाराशी चप्पल काढून आत गेल्या, हात जोडून बसल्या आणि हळू आवाजात वंदना म्हणू लागल्या. त्या दगडी खोलीत आवाज असा काही घुमला, की मामांनीही पायताण काढलं आणि त्या उठेपर्यंत बाहेर उभे राहिले.

मग मामांच्या घरी झुणका-भाकरी, ठेचा, घट्ट दही. मामींनी नर्सच्या आईला आग्रह करकरून वाढलं. आई म्हणाल्या, "आता आमच्याकडं यायचं हातकणंगल्याला." आणि पुढं ही मंडळी खरंच गेली. नर्सच्या मुलीच्या लग्नात तर मामा दोन दिवस आधीपासून राबत होते.

पुस्तकाचे आठही भाग परत आले आणि बाइंडरनं ते पुन्हा शिवून दिलं. चर्चेचा तो गट सहा-सात वर्षं चालला. तेवढ्या काळात आम्ही कितीतरी पुस्तकं वाचली आणि भांडलोही भरपूर.